३२ फुटी शिडाच्या होडीला दुसरा नांगर कोणता घ्यावा? (मुंबई ते गोवा किनारा)

दर्याकाठ३२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

होडी ३२ फुटी स्लूप (एका डोलकाठीची), फिन कील (बुडाखाली खोल पातं), ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १.७ मीटर, सामानासकट वजन साधारण ५ टन. मुख्य नांगर १६ किलोचा डेल्टा. त्याला ३० मीटर ८ मिमी चेन आणि पुढे ३० मीटर १४ मिमी नायलॉन. विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) नाही, सगळं हातानेच ओढायचं.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईहून गोव्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जायचा बेत आहे. मुक्काम मुरूड-दिघी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, पणजी असे. म्हणजे रात्री बहुतेक खाडीच्या मुखाशी किंवा थोडं आत.

दुसरा नांगर तीन कामांसाठी हवा आहे: वाळूवर बसलो तर ओढून निघायला, अरुंद जागी होडी फिरू नये म्हणून मागून धरायला, आणि मुख्य नांगर गमवावा लागला तर त्याच्या जागी. डोळ्यासमोर पर्याय असे आहेत: आणखी एक डेल्टा पण १० किलोचा, ॲल्युमिनियमचा फोर्ट्रेस एफएक्स-१६, किंवा मच्छीमारी सामानाच्या दुकानात मिळतो तो चार फाळांचा लोखंडी नांगर, ८-१० किलोचा. कोणता घ्यावा? सोबत दोर आणि चेन किती? दुकानात सगळीकडे पीपीचाच (पॉलिप्रोपिलीनचा) दोर दाखवतात, तो चालेल का?

ओहोटी

चार फाळांचा नांगर यादीतून काढूनच टाका. तो जमिनीत रुतून धरत नाही, दगडाच्या फटीत अडकून धरतो. गाळात आणि वाळूत त्याच्या सळयांना धरायला पृष्ठभागच नसतो, म्हणून तो शेतातल्या दाताळ्यासारखा रेघा ओढत मागे येतो. कातळावर अडकला तर दोनच गोष्टी होतात: एकतर सुटत नाही, नाहीतर जोर आल्यावर सळई सरळ होते. छोट्या होडीने दिवसा दोन तास मासे धरायला ठीक आहे. ५ टनांची होडी रात्रभर त्यावर सोडू नये.

आता जोर किती येतो ते पाहा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात ३० फुटी होडीसाठी १५ नॉट वाऱ्याला १७५ पौंड आणि ३० नॉटला ७०० पौंड धरले आहेत. ३५ फुटीला ३० नॉटला ९००. तुमची होडी मध्ये कुठेतरी येते, म्हणजे ३० नॉटला साधारण ३५० किलोची ओढ. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे या आकड्यांतच दिसतं. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात जो नांगर छान धरून बसला, तो रात्री जोराच्या वाऱ्यात धरेलच असं समजू नका.

तुमच्या तीन कामांपैकी पहिलं काम निवड ठरवतं. रुतलेली होडी काढताना दुसरा नांगर डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, खोल पाण्यात वल्हवत न्यावा लागतो. १० किलोचा डेल्टा अधिक चेन डिंगीत नेता येईल, पण त्याची पकड मुख्य नांगरापेक्षा कमी आणि स्वभाव तोच. जिथे १६ किलोचा डेल्टा घसरला, तिथे १० किलोचा उभा राहायचं कारण नाही. दुसरा नांगर वेगळ्या जातीचा असावा, म्हणजे एकाचं जिथे जमत नाही तिथे दुसऱ्याचं जमतं. तुमचा मुख्य नांगर शेतातल्या नांगराच्या फाळाच्या आकाराचा आहे, तेव्हा दुसरा दोन रुंद पात्यांचा, म्हणजे डॅनफोर्थ घराण्यातला हवा. दुसऱ्या महायुद्धात लँडिंग क्राफ्टच्या मागच्या बाजूला हाच असायचा: किनाऱ्याकडे जाताना मागे टाकायचा, आणि परतताना त्याच्या दोरावर होडी वाळूवरून ओढून घ्यायची. तुमचं काम अगदी तेच आहे.

म्हणून माझं मत एफएक्स-१६. वजन १० पौंड, म्हणजे ४.५ किलो. कंपनी तो ३३ ते ३८ फुटांसाठी सांगते, म्हणजे तुम्हाला एक माप वरचा. दुसऱ्या नांगरात एक माप वर जाणं योग्यच, कारण मुख्य नांगर गेला तर यावरच भिस्त आहे.

यात आपल्या किनाऱ्यासाठी सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे पात्यांचा कोन बदलता येतो. ३२ अंश वाळूसाठी आणि घट्ट चिखलासाठी, ४५ अंश मऊ गाळासाठी. खाडीच्या आतला काळा गाळ इतका मऊ असतो की ३२ अंशांवर पाती आडवी सरकत राहतात. २०१४ साली अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत मऊ गाळावर चाचण्या झाल्या, त्यात ४५ अंशांवरचा फोर्ट्रेस बाकीच्या पोलादी नांगरांच्या कितीतरी पुढे राहिला. चाचण्या त्याच कंपनीने घडवून आणल्या होत्या हे ध्यानात ठेवा, पण कारण सरळ आहे: गाळात पकड वजनाने येत नाही, पात्याच्या क्षेत्रफळाने आणि तो किती खोल गेला त्याने येते.

उलट ४५ अंशांवर ठेवून वाळूत टाकलात तर टोकं घुसतच नाहीत, नांगर उताणा होऊन ओढला जातो. कोन बदलायला सुटे भाग उघडून पुन्हा जोडावे लागतात, पाण्यावर हलत्या होडीत ते करू नका. मुक्कामाला पोचायच्या आधी नकाशावर तळ बघा. देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसच्या नकाशात खोलीच्या आकड्यांजवळ तळाची अक्षरं असतात: एम म्हणजे गाळ, एस वाळू, आर कातळ, एसएच शिंपले. खात्री नसेल तर शिशाच्या वजनाच्या बुडाला ग्रीस किंवा साबण थापून तळाला टेकवा, काय चिकटून येतं ते दिसतं.

दोर-चेनचं: ६ मीटर ८ मिमी चेन, तिचं वजन साधारण ८.५ किलो. त्यापुढे ७० मीटर १४ मिमी तीन पेडी नायलॉन. १२ मिमीचा नवा दोर सुमारे ३ टनांवर तुटतो, ताकद तशी पुरते. पण १४ मिमी हाताला धरायला बरा, आणि घासून दोन-चार धागे गेले तरी शिल्लक राहते. ७० मीटर कशासाठी, तर हिशोब असा: मांडव्यासारख्या जागी ओहोटीला ४ मीटर पाणी, उधाणाची चढ ४ मीटर, पाण्यापासून बोवरचा (होडीच्या पुढच्या टोकावरचा) रोलर १.२ मीटर. झाले ९.२. दोराला सातपट धरली की ६४ मीटर. विजयदुर्गाकडे चढ-उतार कमी, तिथे ५० मध्ये भागेल. ओहोटीला टाकून खोली तेवढ्यावरच धरली आणि भरतीचं पाणी मोजलंच नाही, नांगर घसरण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पीपीचा दोर घेऊ नका. तो तरंगतो, म्हणजे वारा पडला की सैल दोर पाण्यावर येतो आणि तुमच्या किंवा शेजारच्या होडीच्या पंख्यात जातो. उन्हाने त्याचे धागे भुरभुरतात, आणि नायलॉनसारखा ताणून झटका गिळत नाही. नायलॉन मागवून घ्यावा लागला तरी मागवा.

नाखवाघाट

वरच्या बहुतेक सगळ्याशी सहमत, पण एका ठिकाणी ठाम मतभेद आहे. "मुख्य नांगर गमवावा लागला तर त्याच्या जागी" हे काम फोर्ट्रेसवर सोपवू नये. निदान आपल्या खाड्यांत तरी नाही.

खाडीत दर सहा तासांनी पाण्याची ओढ उलटते. होडी १८० अंशांत फिरते आणि नांगराला मागून ओढते. दोन पात्यांचा नांगर अशा वेळी सरळ फिरत नाही, उलटा होऊन बाहेर येतो आणि मग त्याला पुन्हा रुतावं लागतं. पोलादी असेल तर वजनामुळे निदान तळाला राहून पुन्हा धरायचा प्रयत्न करतो. ॲल्युमिनियमचा हलका नांगर होडी २ नॉटने मागे चालली असताना तळाला टेकतही नाही, पाण्यात पतंगासारखा डोलत येतो. त्यात बिजागरीत एखादा शिंपला किंवा खडा अडकला तर पाती एकाच बाजूला जाम होतात आणि तो कधीच धरत नाही. जुन्या जाळ्याचा तुकडा पात्यांना गुंडाळला तरी तेच. आणि आपल्या खाड्यांच्या तळाशी जाळी, दोर, डोल जाळ्यांचे मोडके खुंट काही कमी नाहीत.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. मुख्य नांगर बदला. रोक्ना, स्पेड, मॅंटस यांपैकी एखादा १५ किलोच्या आसपासचा मुख्य करा, आणि आत्ताचा १६ किलोचा डेल्टा पोटात राखीव ठेवा. हे नवे नांगर ओढीची दिशा बदलली की जमिनीतल्या जमिनीत वळतात, नाहीतर बाहेर येऊन लगेच पुन्हा धरतात. ओढून काढायच्या कामाला फोर्ट्रेस हवा तर जरूर घ्या, पण तो तिसरा नांगर.

आणखी एक. "डिसेंबर म्हणजे शांत समुद्र" यावर फार विसंबू नका. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबागजवळ जमिनीवर आलं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वर येत असताना केरळ-तमिळनाडूच्या मासेमारी होड्या देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. अशा वेळी दोन पोलादी नांगर पुढून हवेत, आणि दोन्हींचा दोर-चेनसह पूर्ण संच हवा. दोर एकच असेल तर दुसरा नांगर नुसतं ओझं.

ओहोटी

नाखवाघाट, उलटणाऱ्या ओढीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. ओढ उलटणाऱ्या जागी रात्रभर एकट्या फोर्ट्रेसवर राहू नये, हे माझ्या उत्तरात यायला हवं होतं. मुख्य नांगर गेलाच तर त्यावर बंदर गाठेपर्यंतचा वेळ काढायचा, आणि पाणी वळतं त्या वेळी कोणीतरी डेकवर जागं असायला हवं.

पण डेल्टा वाईट नाही. १६ किलोचा डेल्टा ३२ फुटांना योग्य मापाचा आहे. आधी बजेट पाहावं: खर्च एकाच नांगराचा असेल तर आज ज्या कामाला होडीवर काहीच नाही, म्हणजे डिंगीतून नेण्याचं काम, त्यावर तो करावा. दोघांचा असेल तर तुमची मांडणी जास्त चांगली.

कीलखालीवाळू

निवडीवर वर पुरेसं आलंय. रुतल्यावर हा नांगर नेमका कसा वापरायचा त्यावर लिहितो, कारण बरोबर नांगर असूनही घाईत सगळं चुकतं.

वेळेचा हिशोब डोक्यात ठेवा. मुंबईजवळ उधाणाला ४ मीटरचा फरक धरला, तर बाराव्या हिश्शाच्या नियमाने पहिल्या तासात ३३ सेंटीमीटर पाणी उतरतं, दुसऱ्यात ६७, तिसऱ्यात पूर्ण १ मीटर. म्हणजे ओहोटीच्या मध्यावर मिनिटाला दीड सेंटीमीटरहून जास्त. होडी टेकल्यापासून दहा मिनिटांत नांगर खोल पाण्यात पडला नाही तर पुढच्या भरतीची वाट बघणं आलं. म्हणून फोर्ट्रेस पिशवीत सुटा करून ठेवणं फक्त लांबच्या प्रवासात ठीक. खाडीत शिरताना तो जोडलेला, शॅकल (जोडकडी) लावलेला, दोर बादलीत किंवा पिशवीत गुंडाळी न करता नुसता सोडलेला असावा. गुंडाळी केलेला दोर सुटताना हमखास पीळ धरतो.

इंजिन रिव्हर्समध्ये फार वेळ गरागरा फिरवू नका. पंख्याने उडालेली वाळू कीलभोवती बसते आणि कूलिंगच्या पाण्यातून आत ओढली जाते. अर्धं मिनिट बघा, नाही हललं तर बंद. नंतर गाळणी उघडून साफ केल्याशिवाय इंजिनावर भरवसा ठेवू नका.

नांगर डिंगीच्या आत ठेवू नका. मागच्या फळीवरून बाहेर, पाण्यात लोंबता बांधा, एका फासाने, जो ओढला की सुटेल. चेन डिंगीत पायापाशी, आणि दोरही सगळा डिंगीतच. दोराचं टोक होडीवर बांधून डिंगीतून सोडत जायचं. दोर होडीवर ठेवून डिंगीने ओढत नेला, तर वीस-तीस मीटरनंतर पाण्यातला दोरच डिंगीला थांबवतो, वल्ही मारून पुढे जाता येत नाही. दिशा: जिकडून आलात तिकडे, कारण तिथे पाणी होतं हे नक्की. पूर्ण ६०-७० मीटर न्या. जवळ टाकला तर नांगर रुतण्याऐवजी तुमच्याकडेच येईल.

फिन कीलवर होडी सरळ मागे ओढण्यापेक्षा आधी नाळ, म्हणजे बो, खोल पाण्याकडे वळवा. दोर बोवरच्या फेअरलीडमधून (दोराच्या वाटेच्या कडीतून) आत घेऊन कॉकपिटमधल्या मोठ्या विंचवर (दोर ओढायच्या फिरकीवर) आणा. ४०:१ च्या विंचला हँडलवर २० किलोचा जोर दिला तर कागदावर ८०० किलो होतात, घर्षण वजा जाता ६०० च्या आसपास. एवढ्याला नायलॉन चांगलाच ताणतो. ताण आला की थांबा, फिरवत राहू नका. शेजारून ट्रॉलर गेला आणि त्याची लाट आली की होडी उचलली जाते आणि ताणलेला दोर तिला वीतभर ओढून घेतो. मग पुन्हा ताण द्या. दोराच्या सरळ रेषेत कोणी उभं राहायचं नाही. क्लीट (दोर बांधायचा डेकवरचा खुंटा) उखडली किंवा शॅकल गेलं तर तो गोफणीसारखा मागे येतो. क्लीटखाली बॅकिंग प्लेट (डेकच्या आतून आधाराची पट्टी) आहे का हे निघायच्या आधी पाहा. जुन्या होड्यांत नुसते वॉशर सापडतात.

बूम (शिडाखालची आडवी काठी) बाहेर काढून त्यावर माणसं बसवली किंवा उघडी शिडं दोरांनी ताणून होडी कलंडवली तर ड्राफ्ट कमी होतो. १.७ मीटरच्या फिन कीलला २५-३० अंश कलल्यावर साधारण २० सेंटीमीटर मिळतात, आणि बरेचदा तेवढेच हवे असतात.

नाहीच निघाली तर नांगर खोल पाण्याच्या बाजूला ताठ ठेवा. नाहीतर पुढची भरती होडीला उचलून आणखी वर नेऊन बसवते. आणि होडी उथळ बाजूकडे कलेल असं बघा, खोल बाजूकडे कलली तर भरतीचं पाणी उठण्याआधी कॉकपिटमध्ये शिरू शकतं.

दर्याकाठ३२

खूप आभार सगळ्यांचे. तूर्त एफएक्स-१६, ६ मीटर चेन, ७० मीटर नायलॉन असं ठरवतोय, नवीन मुख्य नांगर पुढच्या हंगामात. डेल्टा तेव्हा राखीव होईल.

दोन शंका. खाडीत दोन्ही नांगर बोवरून टाकून, एक भरतीच्या बाजूला आणि एक ओहोटीच्या, असं राहिलं तर फोर्ट्रेस उलटायचा प्रश्न सुटतो का? आणि जाळ्यात-दगडात अडकू नये म्हणून सुटकेची दोरी लावावी का?

नाखवाघाट

पहिल्याला हो. ओढ कोणत्याही बाजूची असो, प्रत्येक नांगराला आपल्याच दिशेने ओढ बसते, उलटून कोणीच येत नाही. म्हणून तिथे फोर्ट्रेस अगदी योग्य. मुख्य नांगर ज्या बाजूने ओढ जास्त आणि वारा जास्त त्या बाजूला, फोर्ट्रेस दुसऱ्या बाजूला. टाकायची रीत: ओढीच्या वरच्या बाजूला मुख्य टाकून रिव्हर्समध्ये रुतवा, मग हवी त्याच्या दुप्पट लांबी सोडत मागे जा, तिथे फोर्ट्रेस टाका, आणि मुख्यची अर्धी लांबी ओढून घेत मध्यावर या. दोन्ही दोर-चेन बोवरच बांधायचे. एक स्टर्नला (मागच्या टोकाला) बांधलात तर आडव्या ओढीत होडी धनुष्यासारखी ताणली जाते आणि दोन्ही नांगरांवर भलताच जोर येतो.

त्यात त्रास एकच: पाणी वळताना सैल झालेला फोर्ट्रेसचा दोर कील किंवा सुकाणूभोवती अडकतो. त्यावर बोपासून ३-४ मीटरवर दोराला एक वजन सरकवून खाली सोडा, ५ किलोचं पुरे. दोर सरळ खाली जातो आणि कील त्यावरून फिरते. दोन-तीन भरत्यांनंतर दोघांचा पीळ बसतो. तो सोडवायचा तर पाणी स्थिर असताना फोर्ट्रेसचं टोक क्लीटवरून सोडून चेनभोवती उलट फिरवा. म्हणूनच ते टोक मोकळं सोडता येईल असं बांधा, लॉकरच्या कडीला शॅकल मारून नको.

बाकी जागा मोठी असेल आणि शेजारी होड्या एकाच नांगरावर फिरत असतील, तर हा प्रकार करू नका. ते फिरतील, तुम्ही फिरणार नाही, आणि तुमच्यावर येऊन आदळतील.

ओहोटी

सुटकेच्या दोरीबद्दल. फोर्ट्रेसच्या मागच्या आडव्या दांड्याला ८ मिमीची दोरी, उधाणाच्या खोलीपेक्षा २ मीटर जास्त लांब, टोकाला छोटा तरंगता गोळा. मुंबईत ९ मीटर पाणी होणार असेल तर दोरी ११ मीटर. ओहोटीच्या वेळी उरलेली ६ मीटर दोरी पाण्यावर पसरते आणि कोणाच्या तरी पंख्यात जाते, म्हणून गोळ्याच्या खालच्या बाजूला दोन-तीन मीटरवर शिशाचं वजन बांधा. दोरी तिथून घडी पडून खाली राहते. मच्छीमार होड्यांची वर्दळ असलेल्या जेटीसमोर गोळा लावूच नका. रात्री कोणाला दिसत नाही आणि कोणी जाळ्याची खूण समजून उचलला तर नांगर तिथेच सुटला.

मालवणला मात्र नांगर अडकतो कसा याआधी तो पडतो कुठे ते पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती कातळ आणि प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्वच्छ वाळूचा फिकट पट्टा पाण्यातून दिसतो, तिथेच टाका. कातळावर फोर्ट्रेस धरणार नाही, आणि पात्याचं टोक फटीत अडकून आडवा जोर आला तर दांडा वाकतो.

आणि जोडणी: चेनला आणि नांगराला जस्त चढवलेलं १० मिमीचं शॅकल, पिनच्या भोकातून तार ओवून बांधलेली. नुसती हाताने घट्ट केलेली पिन रात्रभरच्या हेलकाव्यात सुटते. स्विव्हल (फिरती कडी) नको, कोनातून जोर आला की तोच आधी जातो. दोर चेनला बांधताना थिंबल (फासाच्या आतली धातूची खोबण) घालून स्प्लाइस करा, म्हणजे पेड विणून फास करा, नायलॉन निसरडा म्हणून ५ ऐवजी ७ टाके. गाठीने दोराची निम्म्याच्या आसपास ताकद जाते, स्प्लाइसने दहा टक्के. गाळातून वर आल्यावर बिजागरी गोड्या पाण्याने धुवा, आणि बोल्ट वर्षातून एकदा उघडून लॅनोलिन लावा. ॲल्युमिनियमच्या भोकात स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्यात तसाच राहिला की पुढच्या वेळी तो फिरत नाही, आणि कोन बदलायचा मार्गच बंद होतो.